एक थेंब मोत्यावर

मित्रांनो, मी एक जुनी कुपी आहे. तपकिरी काचेची, तुमच्या अंगठ्याएवढी, डोक्यावर रबरी फुगा असलेली. मी आता रिकामी आहे असं लोक म्हणतात. त्यावर विश्वास ठेवू नका. माझ्या तळाशी अजून ओलसर काहीतरी आहे आणि ते तुमच्या कपड्यावर सांडलं तर भोक पडेल. मी जे सांगणार आहे त्यावरही लगेच विश्वास ठेवू नका. आयुष्यभर मी संशय घेण्याचं काम केलं, त्यामुळे माझ्यावर कुणी संशय घेतला तर मला राग येत नाही.

माझा जन्म फिरोजाबादच्या एका काचभट्टीतला. माझ्या काही बहिणी अत्तर भरायला गेल्या, काही डोळ्यांच्या औषधाला. मी कलकत्त्यात, प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या एका दुकानात येऊन पडले. १९६९ साली तिथे आसामचा एक किडकिडीत मुलगा आला. त्यानं मला उजेडात धरलं, पाण्यानं भरलं, उलटी केली आणि मनगटावरचं घड्याळ बघत पाच मिनिटं तसाच उभा राहिला.

"नवीन माल आहे, बाबा. गळत नाही," दुकानदार वैतागून म्हणाला.

"नवीन आहे म्हणूनच बघतोय. जुनी असती तर आतापर्यंत कळलं असतं."

हा इंद्रकांत चेतिया. घर नाहरकटियाला, बुढीदिहिंग नदीच्या काठी, जिथे भाताच्या शेतांमधून तेलाच्या नळ्या जातात. दगडांचं शास्त्र शिकून तो पुढे तेल शोधणाऱ्या कंपनीत लागला आणि मीही त्याला साहेब म्हणू लागले. साहेबांनी माझ्यात पाणी घातलेलं ॲसिड भरलं आणि मला चामड्याच्या पिशवीत घालून कमरेला बांधलं.

माझं काम तसं साधं होतं. तेलासाठी जमिनीत मैल मैल खोल भोक पाडतात. खालून चिखलाबरोबर दगडाचा चुरा वर येतो. तो चाळणीत धुवायचा, भिंगाखाली धरायचा आणि त्यावर माझा एक थेंब टाकायचा. चुनखडी असली तर ती ताबडतोब फसफसते. वाळूचा खडक ढिम्म राहतो. दगड स्वतः खोटं बोलत नाही, पण त्याच्यात दुसरंच काही मिसळलेलं असू शकतं, आणि साहेबांना कायम त्या दुसऱ्याचाच संशय. प्रत्येक थेंबाची नोंद ते वहीत करायचे. तारीख, ठिकाण, नमुना कसा दिसतो, थेंब टाकल्यावर काय झालं आणि त्यावरून काय वाटतं. नोंद झाल्याशिवाय माझं टोपण लागत नसे. वादळ असो नाहीतर ताप, त्यात कधी खंड पडला नाही.

१९७७ साली त्यांचं लग्न झालं. हेमप्रभाबाई घरात आल्या आणि आठवड्याभरात त्यांना माझा पत्ता लागला, कारण साहेबांच्या प्रत्येक पँटला उजव्या बाजूला बारीक भोकं होती.

"ही तुमची थोरली बायको," रफू करता करता त्या म्हणायच्या. "कमरेला बांधून फिरवता, आणि चावते तुम्हालाच."

"पण ती कधी फसवत नाही."

"म्हणजे मी फसवते?"

साहेब हसायचे आणि रिकामा पेला पुढे करायचे. मला मात्र घराच्या आत यायला बंदी झाली. व्हरांड्याच्या खांबाला एक खिळा होता, तिथे मी लटकायचे. बाई जाता-येता माझ्याकडे अशा बघायच्या की जणू मी रात्रीतून चालत स्वयंपाकघरात शिरणार आहे.

साहेबांबरोबर मी पुष्कळ जग पाहिलं. लिबिया, ओमान, पुढे सुदान आणि व्हिएतनाम. प्रत्येक विमानतळावर मला रिकामी करून दाखवावं लागे. एकानं मला हुंगून दारूची कुपी ठरवलं, एकाला मी विषाची वाटले. साहेब खिशातून चुनखडीचा तुकडा काढून समजावायला लागले की त्या लोकांचा संशय आणखी वाढायचा. मला मनातून बरं वाटायचं. जगात आपल्यासारखे बरेच आहेत असं वाटायचं.

पण साहेब नुसते संशयी होते असं समजू नका. प्रत्येक रविवारी ते घरी पत्र लिहीत. लेकीसाठी, रूपांजलीसाठी, प्रत्येक देशातला एक गोटा कागदात गुंडाळून ठेवत आणि वर तिच्या नावानं चार ओळी लिहीत. सुट्टीवर आले की कंपनीचं नाव काढायचे नाहीत. माशाचं टेंगा, म्हणजे आंबट कालवण, स्वतः रांधायचे, त्यात लिंबू जास्त झालं की लेकीवर ढकलायचे, आणि शेजाऱ्यांच्या बदकांची नावंसुद्धा त्यांना पाठ असायची. ते घराला फार जीव लावणारे होते. मला वाटतं, म्हणूनच त्यांना घरच्यांच्या नजरेतून उतरायची जास्त भीती वाटायची.

ओमानच्या वाळवंटात त्यांच्याबरोबर नाहरकटियाजवळच्याच गावचा एक माणूस होता. डिंबेश्वर मोरान. नळ खाली सोडण्याचं यंत्र तो चालवायचा. आडदांड, मोठ्यानं हसणारा, भात दोनदा मागून घेणारा. एकदा खालून आलेला चुरा माझ्या थेंबानं फसफसला आणि तिथल्या तरुण साहेबानं चुनखडी लागली, ठरलेली खोली आली म्हणून काम थांबवायला सांगितलं. सगळे खूश झाले. माझे साहेब मात्र चुरा बोटांत चोळत बसले.

"फसफसतंय की," डिंबेश्वर म्हणाला. "आता काय त्याला शपथेवर बोलायला लावणार?"

"सिमेंटही फसफसतं. परवा आपणच भोकाच्या कडेला सिमेंट ओतलंय."

त्यांनी चुऱ्यावर दुसऱ्या औषधाचा थेंब टाकला. चुरा गुलाबी झाला. चुनखडी गुलाबी होत नाही, सिमेंट होतं. काम पुढे चालू राहिलं आणि खरी चुनखडी त्यानंतर दोनशे फुटांवर लागली. साहेबांचं फार कौतुक झालं. मला नवी पिशवी मिळाली.

"तुझ्या आईनं भात वाढला तरी तू त्यावर थेंब टाकून बघशील," डिंबेश्वर त्या दिवशी म्हणाला. साहेब खूप हसले. मीही फुगून गेले होते. संशयानं नुकसान टळतं, एवढंच तोवर आम्हा दोघांना माहीत होतं.

१९८६ च्या पावसाळ्यानंतर साहेबांनी बहारीनच्या बाजारात मोत्यांची एक माळ घेतली. एक्केचाळीस मोती. लग्नाला नऊ वर्षं होऊन गेली होती आणि त्यातली सात त्यांनी परदेशात काढली होती. दुकानातला एकेक मोती त्यांनी भिंगाखाली पाहिला. दुकानदारानं त्यांच्यासमोर तीनदा चहा प्यायला. साहेबांची सुट्टी पुढे ढकलली गेली होती, डिंबेश्वर मात्र घरी निघाला होता. म्हणून माळ त्याच्याकडे दिली. त्यानं ती गळ्यात घातली, वरून गंजी, वरून सदरा, आणि त्या उकाड्यात गळ्यापर्यंत गुंड्या लावून विमानात बसला.

महिन्या-दीड महिन्यानं हेमप्रभाबाईंचं पत्र आलं. माळ मिळाली, फार सुंदर आहे, तुम्ही याल त्या बिहूलाच घालीन, तोवर डबीत ठेवते. मोरानदा गावी आल्यावर तीन आठवड्यांनी देऊन गेले, त्यांची आई आजारी होती म्हणे.

पत्र वाचताना 'तीन आठवड्यांनी' या शब्दांवर साहेबांचं बोट थांबलं. मला ते थांबणं ओळखीचं होतं. चाळणीत काही भलतंच दिसलं की ते असं थांबायचं.

एप्रिलमध्ये आम्ही घरी आलो. बिहूला दोन दिवस होते. हेमप्रभाबाई लेकीला घेऊन शेजारी बिहूचे पिठे, म्हणजे तांदळाच्या गोड पोळ्या, करायला गेल्या होत्या, दुपारची वेळ होती, आणि साहेबांनी डबी व्हरांड्यात आणून उघडली. बाजारातल्या दिव्यांखाली मोती निळसर दिसले होते. इथल्या उजेडात ते पिवळट दिसत होते. साहेबांनी माळ उलटसुलट केली. तीन आठवडे. डिंबेश्वरचं गाव सायकलनं अर्ध्या तासावर होतं. जाऊन विचारता आलं असतं. पण जीवाभावाच्या मित्राला असं विचारायचं कसं? म्हणून त्यांनी मला खिळ्यावरून काढलं आणि मला विचारलं.

मित्रांनो, खरा मोती आणि चुनखडी एकाच मातीतले. काचेचा खोटा मोती असता तर माझा थेंब त्याच्यावरून पाण्यासारखा घरंगळला असता. हा खरा होता. मी त्याला लागले मात्र, तो फसफसला. साहेबांनी धावत पाणी आणलं, खांद्यावरच्या गामोशानं, त्या आसामी पंचानं, पुसला, पण त्याची चकाकी गेली ती गेलीच. फासाजवळच्या त्या मोत्यावर खडूसारखा पांढरा डाग आणि मधोमध बारीक खळगा. खोटा असता तर वाचला असता.

 साहेबांनी वही काढली, काहीतरी लिहिलं आणि मला टोपण लावलं.

बिहूच्या सकाळी हेमप्रभाबाईंनी नवी मेखेला-सादर नेसली आणि माळ हातात घेतली.

"अहो, हा एक असा काय? बघा ना. खडूचा असल्यासारखा."

साहेब डोक्याला गामोसा गुंडाळत होते. "कोण जाणे," ते म्हणाले.

"डबीतून मी काढलीसुद्धा नव्हती. त्याआधी मोरानदांकडेच होती ना? तीन आठवडे?"

"असेल काहीतरी. चहा ठेव."

मी खांबावर लटकत होते आणि सगळं ऐकत होते. दगडाचं खरं-खोटं सांगणारी मी, पण माणसांच्या बोलण्यात मला कोण विचारतो? बाईंनी माळ पुन्हा डबीत ठेवली. साहेब मित्राची लाज राखतायत असं त्यांना वाटलं असणार, कारण बाईंनी तो विषय परत कधी काढला नाही.

त्याच दुपारी डिंबेश्वर आला. हातात तिळाचे पिठे, पायाला चिखल, तोंडभर हसू. बाईंनी चहा दिला. पण तामुल-पानाचा बोटा, म्हणजे सुपारी-विड्याचं पितळी तबक, काही पुढे आला नाही. आसामात घरी आलेल्याला तामुल न देणं म्हणजे काय, हे लहान पोरालाही कळतं. डिंबेश्वर चहा संपवून जरा वेळ थांबला. मग म्हणाला, "निघतो, नबौ." नबौ म्हणजे थोरली वहिनी. साहेब त्याला बांबूच्या फाटकापर्यंत सोडायला गेले. दोघं तिथे पुष्कळ वेळ उभे होते. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. त्यानंतर डिंबेश्वर दोनदा आला, दोन्ही वेळा नुसता चहा पिऊन गेला, आणि पुढे यायचा बंद झाला.

त्यानंतरची वर्षं भराभर गेली. सुदानमध्ये साहेब पूर्वीसारखेच बारकाईनं काम करत, पण माझा थेंब टाकण्याआधी आता त्यांचा हात क्षणभर अडखळायचा. मग नवी यंत्रं आली. चुरा आत टाकला की यंत्र स्वतःच कागदावर सगळं छापून द्यायचं. साहेब निवृत्त झाले आणि मी वह्यांबरोबर एका पत्र्याच्या डब्यात गेले. माझं रबर कडक झालं. अधूनमधून ते डबा उघडत, मला बोटांत फिरवत, काही बोलण्यासारखा चेहरा करत आणि परत ठेवत. मला वाटायचं, आज स्वयंपाकघरात जाऊन सांगतील. बाई आतून हाक मारायच्या, "जेवायला या." आणि ते जेवायला जायचे.

२०१८ च्या हिवाळ्यात साहेब गेले. झोपेतच, फार त्रास न होता. आमच्याकडे श्राद्धाच्या दिवशी स्मृतिग्रंथ वाटतात. गेलेल्या माणसाबद्दल आप्तमित्रांनी लिहिलेलं छोटंसं पुस्तक. ते काम रूपांजलीकडे आलं. ती आता दिब्रुगडच्या शाळेत शिकवत होती. साहेबांचे धाकटे भाऊ भद्रकांत नातेवाइकांचे लेख गोळा करत होते. साहेब कसे शांत, कसे सत्यवचनी, अशी चाळीस पानं झाली होती. देशांची आणि सालांची यादी हवी म्हणून रूपांजलीनं आमचा डबा उघडला.

"मा, मोरानखुडांचा लेख कुठाय? बोलावण्याच्या यादीतही नाव नाही त्यांचं."

"नको तो माणूस," पांढरी सादर अंगाभोवती ओढत हेमप्रभाबाई म्हणाल्या.

"देउतांचा जिवलग मित्र होता तो." आसामात वडिलांना देउता म्हणतात आणि काकांना खुडा.

"म्हणून तर देउता गप्प बसले. त्यानं माझा एक मोती काढून खोटा बसवला. आणखी किती बदलले असतील देव जाणे." त्यांनी उठून डबी आणली. एकतीस वर्षांत ती माळ कुणी घातली नव्हती.

रूपांजली बापाचीच लेक. तिनं मोती खिडकीशी नेऊन पाहिला, मग दुसरा, मग तिसरा. तिचंही बोट तसंच थांबलं.

"थांब, खात्री करू. हिच्यात थोडं उरलंय," असं म्हणत तिनं मला उचललं.  आणखी एक खरा मोती मला खायचा नव्हता. "देउता नेमकं कसं करायचे? लिहिलेलं असेल," ती म्हणाली आणि दुसऱ्या हातानं हाताशी आली ती वही उलगडू लागली. सत्त्याऐंशी सालची. पानं उलटता उलटता ती एका जागी थबकली. तिथे ठिकाणाच्या रकान्यात 'घर' असं लिहिलं होतं.

"मा, ऐक. बारा एप्रिल. ठिकाण, घर. नमुना पांढरा, गोल, चकाकी मंद. एक थेंब. जोरात फसफस. अनुमान, खरा मोती. नमुना माझ्या हातून खराब झाला. डिंबबद्दलची शंका चुकीची."

 हेमप्रभाबाई म्हणाल्या, "परत वाच."

तिनं परत वाचलं.

"मी विचारलं होतं त्यांना. याच दारात. कोण जाणे म्हणाले." एवढं बोलून बाई उठल्या आणि पायात चपला घालू लागल्या.

"नबौ, सुतकात कुठे निघालात?" भद्रकांत दचकून म्हणाले. "बोलावणं मी पाठवतो ना. लोक काय म्हणतील?"

"एकतीस वर्षं मी काय म्हणत होते ते आधी निस्तरू दे. लोकांचं मग बघू."

रूपांजलीनं वही घेतली, आणि का कोण जाणे, मलाही पिशवीत टाकलं.

डिंबेश्वर अंगणात बांबूच्या कामट्या काढत बसला होता. आडदांड देह पार वाळला होता. बाईंना पाहून तो उठायला लागला.

"बसा, मोरानदा. मी जे सांगायला आलेय ते उभ्यानं सांगते." त्यांनी रूपांजलीच्या हातातली वही घेतली. "मोती तुम्ही बदलला नव्हता. त्यांनी ॲसिड टाकलं होतं. मला आज कळलं. मी तुम्हाला चोर समजले. माझ्या घरी तुम्हाला तामुलसुद्धा दिलं नाही."

डिंबेश्वरनं कोयता खाली ठेवला. "मला माहीत होतं, नबौ."

"काय माहीत होतं?"

"सगळंच. त्यानं त्याच दिवशी सांगितलं. तुमच्या फाटकात उभा राहून रडला पोरासारखा. आधी मी शिव्या घातल्या. मग म्हटलं, ठीक आहे, मला सांगितलंस ना, आता बायकोला सांग, मिटलं. तो म्हणाला, बिहू होऊ दे, सांगतो. मग म्हणाला, पुढच्या सुट्टीत सांगतो. रस्त्यात भेटला की मी विचारायचो, सांगितलंस का रे? मान खाली घालायचा. मग मी विचारणंच सोडलं."

"तुम्ही तरी येऊन सांगायचं."

"ते त्याचं होतं सांगायचं. मी सांगून काय उपयोग? तुम्हाला वाटलं असतं, चोर सारवासारव करतोय." त्यानं मांडीवरची कामटी उचलून बाजूला ठेवली. "वाट मात्र पाहिली, नबौ. दर बिहूला वाटायचं, यंदा बोलावणं येईल. बायकोनं पिठे जास्तीचे करून ठेवलेले असायचे."

हेमप्रभाबाई तिथेच ओट्यावर बसल्या आणि साहेब गेल्यापासून पहिल्यांदा मोठ्यानं रडल्या. त्या कुणासाठी रडत होत्या हे मला कळलं नाही. डिंबेश्वरनं सुनेला हाक मारून तामुलाचा बोटा मागवला आणि त्यांच्यापुढे सरकवला.

"सुतक आहे मला," त्या डोळे पुसत म्हणाल्या.

"मग नुसता हात लावा. आमच्याकडून देणं राहायला नको."

त्यांनी बोट्याला हात लावला, आणि तो हात कपाळाला नेला.

घरी परतल्यावर त्यांनी रूपांजलीला ते पान जसंच्या तसं छापायला सांगितलं. भद्रकांत हादरलेच. "श्राद्धाच्या पुस्तकात असलं कुणी छापतं का, नबौ? दादांचं नाव खराब होईल."

"चाळीस पानं चांगुलपणाची झाली. एक खरं असू दे. आणि त्याच्या समोरच्या पानावर मोरानदांचा लेख घ्या."

तसंच झालं. श्राद्धाच्या दिवशी पहिल्या ओळीत डिंबेश्वर बसला होता आणि बाईंनी स्वतः त्याच्यापुढे बोटा ठेवला. लोक पुस्तक वाचत होते, एकमेकांकडे बघत होते. काहींना राग आला, काहींचे डोळे भरले. मला साहेबांचा राग येतो आणि त्यांची आठवणही येते. त्यांनी मला बहीण मानून सांभाळलं. जगभर फिरून ते दरवेळी त्याच घरी परत आले, आणि त्याच घरात एक वाक्य बोलायला त्यांना एकतीस वर्षं पुरली नाहीत.

रूपांजलीनं मला आतून धुतलं, तळाचा ओलावा मात्र गेला नाही, आणि शाळेतल्या कपाटात ठेवलं. मुलं मला हातात घेऊन बघतात. मित्रांनो, तुम्हीही या. दगडावर हवा तेवढा संशय घ्या, त्याचं काही बिघडत नाही. पण माणसाबद्दल शंका आली तर माझ्यासारखीला हात लावू नका. त्याच्या अंगणात जा आणि त्याला विचारा. आणि चूक तुमची निघाली तर त्याच दिवशी घरी सांगा. मी सारं पाहिलं आणि गप्प राहिले, कारण मला जीभ नव्हती. साहेबांना होती.